अपडेटनंतर ओळखीची सोय नाहीशी झाली तर: शोध कसा घ्यावा आणि ती परत कशी मिळवावी

संगणकावर किंवा फोनवर रोज काम करणाऱ्या माणसाच्या बोटांना बटणांच्या जागा पाठ झालेल्या असतात. काम डोक्यात चालू असते आणि हात आपोआप योग्य ठिकाणी जातो. एखाद्या सकाळी अपडेट होते आणि त्याच जागी दुसरेच काही दिसू लागते. नेहमीचे बटण सापडत नाही, मेनू निम्मा झालेला असतो आणि पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतो. ही चिडचिड पूर्णपणे रास्त आहे. जो माणूस पंधरा वर्षे एकाच पद्धतीने हिशेब करत आला, त्याचे कौशल्य त्याच्या कष्टाची कमाई असते, आणि त्याला न विचारता ती पद्धत मोडली गेली तर त्याचे खरे नुकसान होते. हा बदल स्वीकारता न येणे म्हणजे वयाचा किंवा बुद्धीचा दोष, असे कोणी सुचवत असेल तर ते मनावर घेऊ नये.

विंडोज 10 ला मिळणारी सर्वसाधारण सुरक्षा-अद्यतने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. त्यामुळे घरोघरी आणि कार्यालयांत अनेकांना विंडोज 11 कडे जावे लागले आहे, आणि या लेखात विंडोजला सर्वाधिक जागा दिली आहे. एक्सेल, ब्राउझर आणि फोन यांनाही हीच रीत लागू पडते, म्हणून त्यांचाही विचार केला आहे.

आधी नोंद करा, मग हात लावा

सोय दिसेनाशी झाल्यावर बहुतेक जण दिसेल ती सेटिंग बदलून पाहतात, आणि तासाभराने मूळ अडचण कोणती व आपण निर्माण केलेली कोणती हेच कळेनासे होते. म्हणून प्रथम एका कागदावर तीन गोष्टी लिहा: नेमकी कोणती सोय गेली, ती पूर्वी कोठे होती आणि तिच्याने आपण काय करत होतो. ‘सगळेच बदलले’ या वाक्यावर कोणतेही उत्तर शोधता येत नाही, पण ‘टास्कबारवर (पडद्याच्या तळाशी असणाऱ्या चिन्हांच्या पट्टीवर) प्रत्येक खिडकीचे नाव वेगळे दिसत होते, आता एकाच चिन्हाखाली सगळ्या गोळा होतात’ या वाक्यावर नक्की येते.

त्यानंतर आवृत्ती पाहा. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत ‘विनव्हर’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप केला की आवृत्तीचा क्रमांक दिसतो. फायरफॉक्समध्ये तो ‘हेल्प’ मेनूतील ‘अबाउट फायरफॉक्स’ येथे असतो, आणि अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमधील ‘अबाउट फोन’ येथे. हा क्रमांक महत्त्वाचा आहे, कारण इंटरनेटवर सापडणारे पुष्कळ उपाय जुन्या आवृत्तीचे असतात आणि नव्या आवृत्तीत ते चालत नाहीत.

लपली, हलली की खरोखर गेली?

नाहीशा झालेल्या सोयीच्या तीन अवस्था असतात. काही सोयी केवळ लपलेल्या असतात: आज्ञा प्रोग्रॅममध्ये शाबूत असते, फक्त तिचे बटण काढलेले असते. काही दुसऱ्या मेनूत किंवा दुसऱ्या नावाखाली हललेल्या असतात. आणि काही खरोखरच काढून टाकलेल्या असतात, म्हणजे त्यांचा कोडच आता प्रोग्रॅममध्ये नसतो. तिन्हींचा उपाय वेगळा असल्याने हे निदान पहिल्यांदा केले पाहिजे. माझा आग्रह असा की खरोखर गेली हा निष्कर्ष शेवटी काढावा, कारण तो अनेकदा चुकीचा ठरतो.

निदानासाठी प्रथम प्रोग्रॅमच्या स्वतःच्या शोधचौकटीत सोयीचे जुने नाव टाइप करून पाहावे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये आणि ऑफिसच्या सर्वांत वरच्या पट्टीत अशी चौकट असते. तेथे सोय सापडली नाही तर जुना कळफलक-शॉर्टकट दाबून पाहावा. बटण काढले तरी शॉर्टकट बहुधा काढला जात नाही, कारण अनुभवी वापरकर्ते त्याच्यावर अवलंबून असतात हे बनवणाऱ्यांना ठाऊक असते. त्यानंतर जिथे सोय होती तिथे राईट क्लिक करून पाहावे आणि पट्टी ‘कस्टमाइझ’ करण्याचा पर्याय आहे का ते तपासावे. एवढे करूनही हाती काही लागले नाही, तर मग त्या आवृत्तीची अधिकृत बदल-यादी वाचावी. काढून टाकलेल्या गोष्टींचा उल्लेख तेथे बहुधा असतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज 11 साठी तर अशा सोयींची स्वतंत्र यादीच प्रसिद्ध केली आहे.

विंडोज 11: टास्कबार, मेनू आणि घड्याळ

विंडोज 11 हे 5 ऑक्टोबर 2021 रोजी आले तेव्हा त्याचा टास्कबार नव्याने लिहिलेला होता. जुन्या टास्कबारमध्ये वर्षानुवर्षे साठत गेलेल्या अनेक लहान सोयी त्यात आल्याच नाहीत. म्हणजे एकेक सोय कोणी हेतुपुरस्सर काढली असे प्रत्येक वेळी घडलेले नव्हते. पाया नवा घातला आणि त्यावर काय आधी बांधायचे याचा क्रम ठरवताना त्या मागे राहिल्या. वापरणाऱ्याच्या दृष्टीने परिणाम तोच असला, तरी हे कारण समजून घेणे उपयोगी आहे, कारण अशा पद्धतीने मागे राहिलेली सोय पुढे परत येण्याची शक्यता बरीच असते.

स्टार्टचे बटण मधोमध गेले आहे ही सर्वांत पहिली तक्रार असते, आणि तिचा उपाय सर्वांत सोपा आहे. टास्कबारच्या रिकाम्या जागेवर राईट क्लिक करून ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडा, खाली ‘टास्कबार बिहेवियर्स’ हा विभाग विस्तारा आणि ‘टास्कबार अलाइनमेंट’ पुढे ‘लेफ्ट’ निवडा. बटण ताबडतोब डाव्या कोपऱ्यात येते.

त्याच विभागात खिडक्या एकत्र गोळा करण्याविषयीचा पर्याय आहे. एकाच वेळी चार-पाच वर्ड फाइली किंवा खातेवह्या उघडून काम करणाऱ्यांना या एका सोयीअभावी दिवसभर जास्तीच्या क्लिक कराव्या लागतात, आणि म्हणूनच ती 2021 मध्ये गायब झाली तेव्हा तिच्यावर मोठा गदारोळ झाला. ती 2023 च्या उत्तरार्धात परत आली. ‘कंबाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स’ या ओळीपुढे ‘नेव्हर’ निवडले की प्रत्येक खिडकी नावासह स्वतंत्र दिसू लागते. दोन पडदे वापरणाऱ्यांसाठी याच्या खाली दुसऱ्या पडद्याच्या टास्कबारसाठी वेगळी ओळ आहे. ती वेगळी बदलावी लागते हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. घड्याळात सेकंद दाखवण्याचा पर्यायही याच पानावर मिळतो. फाइल ओढून टास्कबारवरील प्रोग्रॅमच्या चिन्हावर नेण्याची सोय सप्टेंबर 2022 च्या 22एच2 या आवृत्तीत परत आली. तुमच्याकडे ती चालत नसेल तर आवृत्ती जुनी आहे असे समजावे.

राईट क्लिकचा मेनू आखूड झाला, हे दुसरे मोठे दुखणे आहे. विंडोज 11 मध्ये फाइलवर राईट क्लिक केल्यावर थोडे पर्याय दिसतात आणि उरलेले ‘शो मोअर ऑप्शन्स’ या ओळीमागे जातात. झिप करणारे, पीडीएफ जोडणारे किंवा छपाईचे जुने प्रोग्रॅम आपले पर्याय जुन्या पद्धतीने मेनूत टाकतात, त्यामुळे नेमके तेच मागे पडतात. यावर साधा इलाज असा की शिफ्टची कळ दाबून धरावी आणि मग राईट क्लिक करावी. पूर्ण जुना मेनू थेट उघडतो. फाइल निवडून शिफ्ट आणि एफ10 दाबले तरी हेच होते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात, बदल करून जुना मेनू कायमचा आणण्याची कृती अनेक ठिकाणी सांगितलेली आढळते. ती चालते, परंतु रजिस्ट्रीचा अनुभव नसलेल्याने ती करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण शिफ्टची सवय दोन-तीन दिवसांत लागते आणि पुढच्या कोणत्याही अपडेटने ती मोडण्याचा संभव कमी आहे. कट, कॉपी आणि पेस्ट यांची केवळ चिन्हे दिसतात, शब्द दिसत नाहीत, ही तक्रार असेल तर 2024 च्या 24एच2 आवृत्तीत त्यांच्याखाली नावे देण्यात आली आहेत.

टास्कबार पडद्याच्या कडेला किंवा वर नेण्याची सोय ही मात्र खरोखर गेलेल्या सोयीचे उदाहरण आहे. विंडोज 10 पर्यंत टास्कबार धरून कोणत्याही कडेला ओढता येत असे. विंडोज 11 च्या नव्या टास्कबारमध्ये 2025 संपेपर्यंत तरी तो खालीच राहिला. रुंद पडद्यावर उभा टास्कबार ठेवणाऱ्या लेखकांना, अनुवादकांना आणि प्रोग्रॅमरना यामुळे मजकुरासाठी मिळणारी उंची गमवावी लागली. सेटिंग्जमधून अंशतः भरपाई करता येते: ‘टास्कबार बिहेवियर्स’ मध्येच टास्कबार आपोआप लपवण्याचा पर्याय आहे, तो सुरू केला की उंची तरी परत मिळते. विंडोजची कळ आणि आकडा एकत्र दाबल्यास टास्कबारवरील त्या क्रमांकाचा प्रोग्रॅम उघडतो, त्यामुळे लपलेल्या पट्टीपर्यंत माऊस नेण्याचीही गरज उरत नाही.

एक्सेल आणि ऑफिस: बटण गेले, आज्ञा आहे

ऑफिस 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने मेनू काढून रिबन, म्हणजे बटणांची रुंद वरची पट्टी, आणली, तेव्हापासून ‘माझे बटण कोठे गेले’ हा प्रश्न ऑफिसमध्ये कायमचा वसला आहे. तरीही लपलेल्या सोयी परत मिळवण्याची सर्वांत चांगली व्यवस्था याच प्रोग्रॅममध्ये आहे, आणि हिशेबनीस, कर-सल्लागार व शाळांमधील लिपिक यांनी ती अवश्य आत्मसात करावी.

एक्सेल 2003 च्या काळातील मेनूच्या कळा नव्या एक्सेलमध्येही चालतात. ऑल्ट दाबून सोडावी, मग ई आणि मग एस, अशा एकामागून एक कळा दाबल्या की ‘पेस्ट स्पेशल’ ची चौकट उघडते. ऑल्ट, डी, पी या क्रमाने जुना पिव्होट टेबल विझार्ड, म्हणजे मोठ्या यादीचा गोषवारा टप्प्याटप्प्याने बनवून देणारी चौकट, उघडतो, ज्याचे बटण रिबनवर कोठेही ठेवलेले नाही. हा विझार्ड अनेक पत्रकांतील आकडे एकत्र आणून पिव्होट बनवू शकतो, म्हणून तो ज्यांना लागतो त्यांना खरोखरच लागतो.

ज्यांना कळांपेक्षा बटण हवे, त्यांनी ‘फाइल’, मग ‘ऑप्शन्स’, मग ‘क्विक अॅक्सेस टूलबार’ असे जावे. तेथे डावीकडे आज्ञांची यादी असते आणि तिच्या वर एक निवडपट्टी असते. तिच्यात ‘कमांड्स नॉट इन द रिबन’ निवडले की रिबनवर न ठेवलेल्या सर्व आज्ञा अक्षरक्रमाने समोर येतात. हवी ती आज्ञा निवडून ‘अॅड’ दाबावे. अशी ठेवलेली पहिली आज्ञा ऑल्ट आणि एक, दुसरी ऑल्ट आणि दोन अशा कळांनी चालवता येते. कार्यालयात एकच फाइल अनेकांनी उघडण्याची जुनी ‘शेअर वर्कबुक’ ही सोय ‘रिव्ह्यू’ टॅबवरून काढली गेली असली, तरी ‘लेगसी’ असा शब्द जोडलेल्या नावाने ती याच यादीत मिळते. बँकेची मजकूर-फाइल एक्सेलमध्ये आणताना स्तंभ पाडणारा जुना विझार्ड हवा असल्यास ‘ऑप्शन्स’ मधील ‘डेटा’ विभागात जुन्या आयात-विझार्डांचे खुणेचे चौकोन आहेत. त्यांतील मजकूर-फाइलचा चौकोन टिचकी मारून सुरू करावा.

एवढी रचना करून झाली की त्याच ‘ऑप्शन्स’ खिडकीत खालच्या बाजूला ‘इम्पोर्ट/एक्सपोर्ट’ असते, तेथून सर्व बदल एका फाइलमध्ये साठवून पेनड्राइव्हवर ठेवावेत. संगणक बदलला किंवा ऑफिस पुन्हा बसवले तर ती फाइल आत घेऊन आपली पट्टी मिनिटभरात जशीच्या तशी उभी करता येते.

मराठी टायपिंग बिघडले असेल तर

मोठ्या अपडेटनंतर मराठीत लिहिणाऱ्यांची वेगळीच अडचण होते: कीबोर्ड आहे पण भाषा बदलत नाही, किंवा प्रत्येक खिडकीत इंग्रजीच येते. प्रथम विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून यादीत मराठी आहे का पाहावे. नसेल तर सेटिंग्जमधील ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि त्यातील ‘लँग्वेज अँड रिजन’ येथे मराठी भाषा जोडावी, तिच्या पर्यायांत जाऊन आपल्या सवयीचा कीबोर्ड निवडावा आणि नको असलेला काढून टाकावा, कारण यादीत एकच इंग्रजी आणि एकच मराठी कीबोर्ड असला की बदल एका झटक्यात होतो. त्यानंतर ‘टायपिंग’ विभागातील ‘अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ उघडावे. येथे तीन उपयोगी गोष्टी आहेत: सुरुवातीला कोणता कीबोर्ड यावा हे ठरवणे, प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळा कीबोर्ड लक्षात ठेवणे, आणि जुनी डेस्कटॉप लँग्वेज बार परत आणणे. संपादकीय काम करणाऱ्यांना दुसरा पर्याय विशेष सोयीचा ठरतो, कारण वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी असे आपोआप राहते.

ज्या छापखान्यांत आणि कार्यालयांत युनिकोडपूर्व फॉन्ट (युनिकोड ही अक्षरांची प्रमाण पद्धत रुळण्याआधीचे) आणि त्यांचे जुने टायपिंग-सॉफ्टवेअर अजून चालू आहे, त्यांनी सर्व संगणकांवर एकदम नवे विंडोज बसवू नये. एका संगणकावर बसवून, जुनी फाइल उघडून, छापून आणि जोडाक्षरे तपासून मगच पुढे जावे.

ब्राउझर आणि ईमेल

फायरफॉक्सच्या 89 व्या आवृत्तीत, म्हणजे 1 जून 2021 रोजी, टॅब जाड आणि उंच झाले आणि पट्ट्या आटोपशीर ठेवणारा ‘कॉम्पॅक्ट’ पर्याय यादीतून गेला. तो अजूनही आत आहे. पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट’, अपूर्णविराम आणि ‘कॉन्फिग’ असे इंग्रजी अक्षरांत जोडून टाइप करावे, इशारा वाचून पुढे जावे, ‘ब्राउझर डॉट कॉम्पॅक्टमोड डॉट शो’ हे नाव शोधून त्याचे मूल्य ‘ट्रू’ करावे आणि मग पट्टीच्या ‘कस्टमाइझ’ पानावर ‘डेन्सिटी’ मध्ये तो निवडावा. वरचा जुना मेनू हवा असेल तर ऑल्ट दाबताच तो क्षणभर दिसतो, आणि टॅबच्या पट्टीवर राईट क्लिक करून ‘मेनू बार’ वर खूण केल्यास कायम राहतो. वारंवार होणारे दृश्य बदल ज्यांना सोसत नाहीत, त्यांच्यासाठी फायरफॉक्सची ईएसआर ही दीर्घ-आधार आवृत्ती आहे. तिला सुरक्षा-दुरुस्त्या नियमित मिळतात, पण नव्या सोयी आणि नवे रूप साधारण वर्षातून एकदाच येते. शाळा, ग्रंथालये आणि पतसंस्था यांनी हीच वापरावी असे मी सुचवेन.

थंडरबर्ड या ईमेल-प्रोग्रॅमच्या 115 व्या आवृत्तीनंतर पत्रांची यादी कार्डांच्या रूपात दिसू लागली असेल, तर यादीच्या वरच्या उजव्या बाजूच्या चिन्हातून ‘टेबल व्ह्यू’ निवडावा आणि ‘व्ह्यू’ मेनूतील ‘लेआउट’ मध्ये ‘क्लासिक’ करावे. लिबरऑफिस या ऑफिससारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘व्ह्यू’ मेनूतच ‘यूझर इंटरफेस’ असा पर्याय आहे, तेथे जुन्या पट्ट्या आणि रिबनसारखी रचना यांपैकी हवी ती निवडता येते. जुने न काढता नवे देण्याची ही पद्धत इतर बनवणाऱ्यांनी उचलावी अशीच आहे.

फोनवरची फोनची चौकट

ऑगस्ट 2025 मध्ये अनेक अँड्रॉइड फोनांवर गूगलच्या फोन अॅपचे रूप एकाएकी बदलले. आवडते क्रमांक आणि अलीकडचे कॉल एका ‘होम’ टॅबखाली आले, आणि येणारा कॉल घेण्याची रीतही बदलली. फोन उचलणे ही इतकी मूलभूत क्रिया आहे की ज्येष्ठांना त्याचा त्रास सर्वांत अधिक झाला. मुलगा परगावी आणि आईला त्याचा कॉल घेता येत नाही, अशी अवस्था कोणत्याही बदलाने येऊ नये.

प्रथम अॅपमधील सेटिंग्जच पाहाव्यात. तेथे ‘इन्कमिंग कॉल जेश्चर’ असा पर्याय आहे. त्यात आडवे सरकवण्याऐवजी एका स्पर्शाने कॉल घेण्याची पद्धत निवडता येते, आणि बोटांना कंप असलेल्या व्यक्तीसाठी ती अधिक सोपी आहे. तरीही जुने रूपच हवे असेल, तर अॅपचे चिन्ह दाबून धरून ‘अॅप इन्फो’ उघडावे आणि तीन टिंबांच्या मेनूतून ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ करावे. फोनसोबत आलेल्या अॅपसाठीच ही सोय मिळते आणि अॅप कारखान्यातून आलेल्या आवृत्तीवर जाते. मग प्ले स्टोअरमध्ये त्या अॅपच्या पानावर जाऊन तीन टिंबांतून आपोआप अपडेट बंद करावे. हा तात्पुरता मार्ग आहे हे ध्यानात ठेवावे: जुन्या अॅपला सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत, त्यामुळे काही आठवड्यांत नवी रीत शिकवून अपडेट पुन्हा सुरू करणे इष्ट.

खालची तीन बटणे जाऊन बोट सरकवण्याची पद्धत आली असेल, तर सेटिंग्जमध्ये ‘नेव्हिगेशन’ हा शब्द शोधून तीन बटणांचा पर्याय निवडावा. आयफोनवर आयओएस 26 मधील काचेसारख्या पारदर्शक रूपामुळे अक्षरे वाचणे कठीण जात असेल, तर 26.1 पासून ‘डिस्प्ले अँड ब्राइटनेस’ मध्ये ‘लिक्विड ग्लास’ साठी ‘टिंटेड’ निवडता येते, आणि ‘अॅक्सेसिबिलिटी’ मध्ये पारदर्शकता कमी करण्याचा वेगळा पर्याय आहे.

मागे जाणे शक्य असते तेव्हा

विंडोज 10 वरून विंडोज 11 वर गेल्यानंतर दहा दिवसांपर्यंत परत जाता येते. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘रिकव्हरी’ येथे ‘गो बॅक’ हे बटण असते. मुदत संपली किंवा डिस्क साफ करताना जुन्या विंडोजच्या फाइली पुसल्या गेल्या की ते निष्क्रिय होते. म्हणून पहिल्या आठवड्यातच आपली सर्व नेहमीची कामे, छपाई, स्कॅनिंग, डिजिटल सही, टॅलीची नोंद, एकेकदा करून पाहावीत. विंडोज 10 वर परत जाणाऱ्या किंवा तेथेच राहिलेल्या घरगुती वापरकर्त्यांनी विस्तारित सुरक्षा-अद्यतनांसाठी नोंदणी केलीच पाहिजे. ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात आणि विंडोज बॅकअपद्वारे सेटिंग्ज आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडल्यास पैसे पडत नाहीत.

येथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. रूप बदलू नये म्हणून सर्व अपडेट कायमचे बंद करण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, आणि तो चुकीचा आहे. त्याच संगणकावर नेटबँकिंग आणि कर-विवरणपत्रे भरली जातात. उघड झालेली सुरक्षा-छिद्रे बुजवणारी अपडेट नाकारणे म्हणजे घराच्या दाराला रंग नको म्हणून कुलूपही काढून टाकण्यासारखे आहे. विंडोजमध्ये या दोहोंत काही प्रमाणात फरक करता येतो. ‘विंडोज अपडेट’ च्या पानावर नव्या गोष्टी उपलब्ध होताच मिळवण्याचा जो खटका आहे तो बंद ठेवावा, आणि ‘प्रिव्ह्यू’ असा शब्द असलेली ऐच्छिक अपडेट बसवू नयेत. मासिक सुरक्षा-अपडेट तेवढी येऊ द्यावीत. परीक्षेचे निकाल किंवा मार्चअखेरचे हिशेब चालू असतील तर त्याच पानावरून अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतात, आणि त्या काळापुरते थांबवणे पूर्णपणे योग्य आहे.

बाहेरची साधने वापरावीत का?

सोय खरोखर गेलेली असेल तर इतरांनी बनवलेली साधने उरतात. विंडोज 8 मध्ये स्टार्टचे बटण 2012 साली गेले, तेव्हा क्लासिक शेल या मोफत प्रोग्रॅमने अनेकांचे काम चालू ठेवले. त्याच्या कर्त्याने 2017 मध्ये काम थांबवून त्याचा कोड खुला केला आणि आज ते ओपन-शेल या नावाने चालू आहे. लिनक्समध्ये तर जीनोम या डेस्कटॉपच्या तिसऱ्या आवृत्तीने 2011 मध्ये जुने रूप बदलल्यावर वापरकर्त्यांनी जुन्या कोडवरून माटे हा स्वतंत्र डेस्कटॉपच उभा केला, आणि तो अजून सांभाळला जातो.

विंडोज 11 साठीची अशी साधने, उदाहरणार्थ एक्सप्लोररपॅचर, विंडोजच्या अंतर्गत रचनेत हस्तक्षेप करतात. त्यामुळे मोठे अपडेट आले की ती मोडू शकतात आणि कधीकधी टास्कबारच उघडत नाही. वापरायचेच असेल तर बनवणाऱ्याच्या मूळ पानावरूनच उतरवावे, आधी रिस्टोअर पॉइंट (विंडोजच्या सध्याच्या स्थितीची नोंद, जिच्यावर परत जाता येते) तयार करावा, मोठ्या अपडेटपूर्वी साधन काढून टाकावे आणि त्याची नवी आवृत्ती आल्यावरच पुन्हा बसवावे. कार्यालयाच्या संगणकावर तांत्रिक विभागाला विचारल्यावाचून ते बसवू नये.

तक्रार करा, पण अशी की तिचा उपयोग होईल

बनवणारी कंपनी बहुधा वापराची आकडेवारी पाहून ठरवते की कोणते बटण ठेवायचे. पण ती आकडेवारी पाठवणे ज्यांनी बंद केलेले असते ते तिच्यात मोजले जात नाहीत, आणि वर्षातून एकदाच, पण अत्यंत गरजेच्या वेळी लागणारी सोय तिच्यात नगण्य दिसते. ही उणीव लेखी तक्रारीनेच भरून निघते. विंडोज 8.1 मध्ये 2013 साली स्टार्टचे बटण परत आले. आयओएस 18 मधील फोटो अॅपच्या खालून गेलेले टॅब आयओएस 26 मध्ये परत आले. विंडोज 11 मधील वेगळ्या खिडक्यांची गोष्ट वर आलीच आहे. प्रत्येक वेळी मागणी मोठी आणि स्पष्ट होती.

विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि एफ दाबल्यास फीडबॅक हब उघडते. तेथे प्रथम आपलाच मुद्दा आधी कोणी मांडला आहे का ते शोधावे आणि असल्यास त्यालाच पाठिंबा द्यावा. नवी तक्रार लिहिण्यापेक्षा याने वजन अधिक पडते. मजकूर लिहिताना भावना एका वाक्यात ठेवून कामाचे वर्णन सविस्तर करावे. उदाहरणार्थ: ‘मी एका वेळी सहा खातेवह्या उघडून ताळमेळ करते. पूर्वी टास्कबारवर प्रत्येक वहीचे नाव दिसत असल्याने एका क्लिकमध्ये वही बदलत असे. आता प्रत्येक वेळी दोन क्लिक आणि लहान चित्रांतून शोध घ्यावा लागतो. जुना पर्याय, मूळ स्थितीत बंद असला तरी चालेल, पण उपलब्ध असावा.’ यातील शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे आहे, कारण सर्वांसाठी रचना बदला अशी मागणी नाकारणे सोपे असते, तर एक ऐच्छिक खटका ठेवा ही मागणी मान्य होण्याजोगी असते.

मात्र याच कारणाने परत आलेली सोय तुमच्या पडद्यावर आपणहून दिसणार नाही. ती बहुतेक वेळा बंद अवस्थेतच येते. म्हणून सुरुवातीला केलेला कागद जपून ठेवावा, दर मोठ्या अपडेटनंतर संबंधित सेटिंग्जचे पान एकदा उघडून त्या कागदावरील प्रत्येक सोयीचा नवा खटका आला आहे का ते तपासावे, आणि आला असेल तर तो स्वतः सुरू करावा.